लाल शाईतली बावीस माणसं

एखादी गोष्ट कुठल्या कपाटात आहे हे कळल्याशिवाय ती आहे यावर अण्णांचा विश्वास बसत नाही. मल्लेश्वरमला त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, हे त्यांना कौतुकानं सांगितलं, तर त्यांनी आधी विचारलं, "सर्टिफिकेट कुठल्या कपाटात?" गावी पत्र्याच्या पेटीत, म्हटल्यावर ते अस्वस्थ झाले. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या कपाटातला एक कप्पा त्यांनी मला रिकामा करून दिला.

अण्णांची सगळी नोकरी एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. मला मात्र ऑफिसात सर्व्हरलेस डेटाबेस शिकायला सांगितलं होतं. शिकवणाऱ्या व्हिडिओतलं पहिलंच वाक्य होतं, सर्व्हरची काळजी करू नका. तोवर मी केली नव्हती. तेव्हापासून करू लागलो.

सरावाला खरी माहिती हवी म्हणून अण्णांची वही मागितली. तिच्यात या कानडी शहरातल्या जुन्या मराठी घरांतल्या माणसांची नावं, वाढदिवस आणि फोन नंबर आहेत. ज्याचा वाढदिवस असेल त्याला अण्णा सकाळीच फोन करतात. वहीची पानं सुटायला लागली होती, म्हणून ते कबूल झाले. पण खुर्ची ओढून शेजारीच बसले.

"सर्व्हर नाही, मग नावं ठेवणार कुठं?"

मी म्हटलं, सर्व्हर असतो, पण तो आपण सांभाळायचा नसतो आणि आपल्याला दिसतही नाही.

"म्हणजे आहे का नाही?"

खातं उघडताना माहिती कुठल्या विभागात ठेवायची ते विचारलं होतं, तिथं मी मुंबई निवडली होती. तेवढं सांगितलं. अण्णांना धीर आला. "मुंबईत कुठं? दादरला?"

पुढं कळलं, बराच वेळ कोणी काही विचारलं नाही की हा डेटाबेस झोपतो, आणि मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर उशिरा देतो. ते कळेपर्यंत मी तो बिघडवला असंच मला वाटत होतं. अण्णा निवांत होते. त्यांच्या रेकॉर्ड रूममधला फायली काढून देणारा अटेंडर शेवटपर्यंत असाच होता म्हणे.

दोन रविवार खपून नावं भरली. अण्णांनी मोजायला सांगितली. मोजायची आज्ञा मला नुकतीच जमू लागली होती, ऐटीत चालवली. वहीत दोनशे दहा, पडद्यावर एकशे अठ्ठ्याऐंशी.

"बावीस माणसं कुठं गेली?" अण्णांचा आवाज बदलला होता.

लाल शाईतली सोडली, मी सांगितलं. ती वारलेली होती.

"वारली म्हणून वाढदिवस जातो काय? त्या दिवशी त्यांच्या घरी फोन करतो मी. घरच्यांना वाटतं, बाहेरच्या कोणाला तरी आठवण आहे."

मी मान खाली घालून बावीस नावं भरायला बसलो. शेवटचं त्यांच्या थोरल्या बहिणीचं, अक्कांचं. अक्कांनीच त्यांना वाढवलं, आणि अखेरपर्यंत दोघंच या घरात राहिली. नंबर याच घरातल्या फोनचा होता. मी विचारलं, या दिवशी कुठं फोन करता?

"करून पाहिला," अण्णा म्हणाले. "एंगेज येतो."

अक्कांच्या वाढदिवशी मी ऑफिसातून तो नंबर लावला. म्हटलं, अण्णा, आज अक्कांचा वाढदिवस ना. पलीकडे रेडिओवर बातम्या चालल्या होत्या.

"स्वल्प थांब," अण्णा म्हणाले. मग रेडिओ बंद झाला, खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हं. बोल आता."