प्रेमी युगुलाला जगू देण्याबाबत

घड्याळजीची मुलगी आणि नावाड्याचा मुलगा गेली एकेचाळीस वर्षं रंगभूमीवर, दर प्रयोगाला, तिसऱ्या अंकाच्या शेवटी नियमितपणे मरत होती. तिने विषाची बाटली तोंडाला लावायची, त्याने नदीत उडी घ्यायची, आणि एकमेकांशी वैर धरलेल्या त्यांच्या वडिलांनी पडदा पडण्याच्या जरा आधी पश्चात्ताप करायचा. ह्या नाटकाचा लेखक आता बहात्तरीला टेकला होता. एवढे मृत्यू नावावर असूनही माणूस स्वभावाने गरीब होता.

एका सकाळी एक चित्रपट निर्माते त्याच्या घरी आले. नाटकाचे हक्क मागितले आणि चाचरत म्हणाले, "रागावू नका, पण शेवटी दोघांना जगवायचं म्हणतोय."

नाटककार कप फेकून मारील ह्या धास्तीने ते जरा मागे सरकून बसले होते. पण नाटककाराच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच जगवाल? मी आधी तसंच लिहिलं होतं हो. दोघं पहाटे होडीत बसून निघून जातात. नाटकमंडळीच्या मालकांनी ते पान फाडलं. म्हणाले, मेल्याशिवाय तिकिटं खपत नाहीत."

"अहो, सही करण्याआधी चष्मा तरी लावा," आतून बायको ओरडली. तोवर सही झाली होती.

चित्रपट तयार झाला. होडी धुक्यात दिसेनाशी होते ते दृश्य नाटककाराने तीनदा पाहिलं. मग चित्रपट निवडक प्रेक्षकांना दाखवण्यात आला आणि प्रेक्षक-अभिरुची विभागाने अहवाल दिला. ह्या विभागाच्या प्रमुख म्हणजे निर्मात्यांच्या वहिनी. अहवालात म्हटलं होतं : "नायक-नायिकेच्या जिवंत राहण्यास प्रेक्षकांची तत्त्वतः हरकत नाही. तथापि, सदर जिवंतपणास उभयतांच्या पालकांची पूर्वसंमती जोडलेली आढळून येत नाही."

संमतीचं दृश्य चित्रित झालं. त्यावर दुसरा अहवाल आला : घड्याळजी आपली मुलगी नावाड्याच्या घरी कशी देईल? मुद्दा रास्त होता. नावाड्याला चार जहाजांचा मालक करण्यात आलं. मग प्रश्न निघाला, की एवढं चांगलं स्थळ असताना वैर कशाचं? वैर काढलं. वैर नाही, तर चांगल्या घरातली मुलगी चोरून का भेटते? चोरट्या भेटीही काढल्या. आता दोघं पहिल्यांदा भेटत होती ती दिवाणखान्यात, चौदा नातेवाइकांच्या साक्षीने, आणि तिची मावशी मधोमध बसली होती.

हा चित्रपट पाहून एकाही प्रेक्षकाने हरकत घेतली नाही. सहाजण मात्र झोपले. उरलेल्यांनी लिहिलं, "छान आहे, पण रडू आलं नाही."

तातडीची बैठक बसली.

"रडू हवं असेल तर कुणीतरी मेलं पाहिजे," वहिनी म्हणाल्या.

"मावशीला मारू," निर्माते आशेने म्हणाले.

"मावशीसाठी कोण रडतंय? तीच दोघं हवीत. वैर, चोरट्या भेटी, सगळं पूर्ववत करा."

नाटककार उभा राहिला. "वहिनी, जगायचं तर बापाची संमती हवी, जहाजं हवीत, मावशी हवी. आणि मरायचं तर काहीच नको?"

"मेल्यावर कुणाची काय हरकत असणार?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, आणि वाक्य चांगलं वाटल्यामुळे त्यांनी ते इतिवृत्तात नोंदवून घेतलं.

विष आणि नदी परत आली.

पहिल्या खेळाला सगळं चित्रपटगृह हुंदके देत होतं. नाटककाराच्या शेजारच्या खुर्चीत एक बाई होत्या. त्यांचा रुमाल पिळून काढण्यासारखा झाला होता. दिवे लागल्यावर त्या त्याच्याकडे वळल्या. तो कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"काय हो त्या पोरांचा जीव! काय बिघडलं असतं त्यांना सुखाने राहू दिलं असतं तर? दगड आहेत का ते आईबाप?"

नाटककाराला भरून आलं. एकेचाळीस वर्षांत हे वाक्य कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. "तुमच्या घरात तरी असं होणार नाही," तो म्हणाला.

"छे हो! आमच्या धाकटीने मागे असंच काहीतरी काढलं होतं. ह्यांनी वेळीच लक्ष घातलं. फोन काढून घेतला, नोकरी सोडायला लावली. आता शांत आहे. फारशी बोलत नाही, जेवते मात्र वेळेवर."

बाईंनी डोळे पुन्हा एकदा नीट कोरडे केले आणि उठता उठता म्हणाल्या, "उद्या तिलाच घेऊन येणार आहे. खरं प्रेम कसं असतं, ते तिलाही कळू दे जरा."