चौथे मालक आणि लाल बटण

नोंदसाहेब त्या रविवारी घराबाहेर पडले ते स्वयंपाकघरासाठी बल्ब आणायला. एवढंच काम होतं. पायात चपला, खिशात गेलेला बल्ब (नमुन्यादाखल, पुराव्याशिवाय दुकानात जाणं त्यांना जमत नसे) आणि डोक्यात काही नाही. दोन तासांनी ते परतले तेव्हा नवा बल्ब नव्हता. मात्र त्यांच्यामागून एक मेकॅनिक जी गाडी हळूहळू गल्लीत आणत होता, ती बघून समोरच्या घरातल्या बाईंनी कट्ट्यावरच्या कुंड्या भराभर आत घेतल्या.

गाडी जुनी होती, चौकोनी होती, आणि छोट्याशा घराएवढी उंच होती. डोंगरदऱ्यांत फिरायला केलेली, पण आतून एकदम श्रीमंती थाट. सायीच्या रंगाच्या चामड्याच्या सीटा, डॅशबोर्डला खरं लाकूड, मागे छोटा फ्रिज, टपावर उघडणारं झाकण. बल्बच्या दुकानाशेजारी जुन्या गाड्या विकणारा एक माणूस होता. नोंदसाहेब नुसते बघत उभे राहिले, तर त्याने त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि पाऊण तास त्यांच्याशी बोलत बसला. त्या महिन्यात त्यांच्याशी सलग इतका वेळ कोणी बोललं नव्हतं. नाही म्हणणं त्यांना प्रशस्त वाटेना.

साहेबांची बायको मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेली होती, दोन महिन्यांसाठी. नातू आता शाळेत जात होता.

म्हणजे भांडण वगैरे काही नाही. रोज सकाळी साडेनऊला बायकोचा फोन येई. "जेवण नीट करताय ना? गॅस बंद केला ना?" साहेब म्हणत, "हो, मजेत आहे." चार मिनिटांत फोन संपे. मग उरलेला दिवस साहेबांना एकट्याने संपवावा लागे, आणि दिवस ही फार लांबलचक वस्तू आहे हे त्यांना निवृत्तीनंतरच कळलं होतं. 'करमत नाही, घरी ये' हे वाक्य त्यांनी आरशासमोर दोन-तीनदा म्हणून पाहिलं होतं. फोनवर मात्र त्याचं दर वेळी 'मजेत आहे' असं व्हायचं.

'नोंदसाहेब' हे नाव त्यांना ऑफिसात पडलं होतं. मालमत्ता नोंदणीच्या कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं: अमुक घर आज ज्याच्या नावावर आहे, त्याच्याआधी कोणाचं होतं, आणि त्याच्याही आधी कोणाचं. मालकांची साखळी अखंड सापडल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही. तेव्हा गाडी दारात उभी राहिल्यावर चालवून बघायच्या आधी त्यांनी काय केलं असेल? तिची कागदपत्रं घेऊन ते टेबलाशी बसले. (गाडी चालवायची त्यांना भीती वाटत होती, हेही एक कारण होतं.)

पहिले मालक हाडांचे डॉक्टर, दुसरा कॉन्ट्रॅक्टर, तिसरा फोटोग्राफर, चौथे आपण. साहेबांनी तिसऱ्यापासून सुरुवात केली.

"टपाला झाकण मी बसवलं, काका," फोटोग्राफर म्हणाला. "उभं राहून पक्ष्यांचे फोटो काढायला."

"कोणत्या पक्ष्यांचे?"

त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्या पक्ष्यांच्या सवयी विचारायला फोन केला. तिसऱ्या दिवशीही केला. तेव्हा तो कुजबुजत म्हणाला, "काका, मी झुडपात बसलोय. तुमच्या फोनने समोरचा उडाला."

मग साहेब कॉन्ट्रॅक्टरकडे वळले. मोठाली चाकं त्याची होती. साइटवर चिखल असायचा म्हणून त्याने गाडी वीतभर उचलून घेतली होती. "पण बायकोला चढता येईना, साहेब. ती म्हणाली, एक तर शिडी घ्या नाहीतर गाडी विका." बोलता बोलता तो शिडीवरून गुडघ्यांवर आला, गुडघ्यांवरून मुलाच्या लग्नावर. साहेबांना फार बरं वाटलं. फोन ठेवल्यावर घर पुन्हा गप्प झालं, इतकं की फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली.

राहता राहिलं एक लाल बटण.

स्टिअरिंगच्या डाव्या हाताला बटणांची ओळ होती. प्रत्येकाखाली पितळी पट्टीवर नाव कोरलेलं: पंखा, फ्रिज, मागचा दिवा. शेवटच्या लाल बटणाखाली काहीच नव्हतं. फोटोग्राफरला ते माहीत नव्हतं, कॉन्ट्रॅक्टरने त्याला कधी हात लावला नव्हता. डॉक्टर सात वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्या घरच्या नंबरवर डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला. आवाज खणखणीत.

"ते बटण अजून आहे?" त्या म्हणाल्या. "फोनवर सांगण्यासारखं नाही ते. पत्ता द्या, उद्या दुपारपर्यंत येते. तोपर्यंत हात लावू नका त्याला."

आता ज्या माणसाने चौतीस वर्षं एकही रकाना कोरा सोडला नाही, त्याला 'हात लावू नका' सांगणं म्हणजे काय, हे बाईंना ठाऊक असायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता साहेब गाडीत जाऊन बसले. नुसतं बसायला. सव्वानऊला त्यांनी बटण नुसतं पुसलं. सव्वानऊ वाजून एक मिनिटाने चारही दारांतून खट्ट असा एकच आवाज आला.

दार उघडेना. दुसरं उघडेना. काचा खाली होईनात. लाल बटण त्यांनी पुन्हा दाबलं, मग चाळीस-एक वेळा दाबलं. काही नाही. साडेनऊला घरात टेबलावर ठेवलेला फोन वाजायला लागला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. साहेब सीटवर बसून ऐकत राहिले. दिवसभरातली तीच चार मिनिटं होती, आणि ती भिंतीपलीकडे वाजत होती.

मग त्यांना टपाचं झाकण आठवलं. ते हाताने उघडत होतं. साहेब सीटवर उभे राहिले, डोकं बाहेर गेलं, खांदे बाहेर गेले, आणि मग पोट आलं. फोटोग्राफर सडपातळ असावा.

एवढ्यात समोरच्या बाई झाडू घेऊन बाहेर आल्या. "काय काका, हवा खाताय?"

आता सरळ सांगायचं, 'अडकलोय, कोणाला तरी बोलवा.' साहेबांनी तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "हो, जरा."

"छान दिसतं तिथून?"

"मोकळं वाटतं."

दहा वाजता दूधवाला आला. त्याने मान वर करून बघितलं. "आज किती?"

"अर्धा लिटर."

"वर देऊ, की दारात ठेवू?"

"दारातच ठेव," साहेब म्हणाले, "येतोच मी."

दूध दारात तापत राहिलं. अकरा वाजता पोस्टमनने टपावर एक पत्र ठेवून त्यावर सही घेतली. साडेअकराला शेजारच्या निवृत्त मास्तरांनी हात केला, साहेबांनी हात केला. गल्लीतली झाडून सगळी माणसं त्या सकाळी त्यांच्याशी दोन शब्द बोलून गेली. एरवी आठवड्यातही इतकी बोलत नसत. आणि एकालाही कळलं नाही की हा माणूस सव्वानऊपासून सुटकेची वाट बघतोय. साहेबांना वाटलं, आपण इथेच राहिलो तर लोक रोज असंच विचारतील, हवा खाताय का, आणि आपणही रोज हो म्हणू.

साडेबाराला रिक्षातून एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई उतरल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग टपावरच्या डोक्याकडे.

"अडकलात ना?"

"हो," साहेब म्हणाले. एवढं सोपं होतं ते.

"ड्रायव्हरच्या सीटखाली उजव्या अंगाला हात घाला. मूठ लागेल. वर ओढा."

खट्ट. दारं उघडली. साहेब उतरले ते पायांत मुंग्या येऊन थेट जमिनीवर बसले. बाईंनी दूध उचललं, स्वतःच स्वयंपाकघर शोधलं आणि चहा टाकला. ओट्यावर एक कप, एक ताटली, एक चमचा पालथा घातलेला होता. दुसरा कप त्यांना डब्यांच्या मागे सापडला. त्यावर धूळ होती.

"भांडण झालं की मी चालत्या गाडीतून उतरायला बघायची," कप धुताना त्या सांगू लागल्या. "एकदा घाटात उतरून चार मैल चालत गेले. तेव्हा डॉक्टरांनी हे बसवून घेतलं. लाल बटण दाबलं की मी आत. मूठ फक्त त्यांना माहीत. म्हणजे त्यांना तसं वाटायचं. मला पहिल्या आठवड्यातच सापडली होती."

"मग उतरायचात?"

"नाही. मूठ सापडल्यावर उतरावंसं वाटेना. मी जाऊ नये म्हणून माणूस एवढा खटाटोप करतो, हे काय कमी आहे? पण 'जाऊ नकोस' एवढं तोंडाने म्हणाले असते तर बटणाची गरज नव्हती." त्यांनी कप पुढे ठेवला. "तुमच्या मंडळी कुठे आहेत?"

साहेबांनी सांगितलं. किती दिवस झाले तेही सांगितलं.

"परत या म्हणालात का त्यांना?"

"तिला कळायला हवं ना."

"डॉक्टरही हेच म्हणायचे," बाई म्हणाल्या. "चावी द्या."

मुलीचं गाव तीन तासांवर होतं. बाईंनी ते अडीचमध्ये गाठलं. एकोणीस वर्षं त्याच गाडीत शेजारी बसून नवऱ्याच्या चुका काढल्या होत्या, आता त्यांना एकटीला मोकळा रस्ता मिळाला होता. वळणं सुरू झाली तशी साहेबांची मान खिडकीबाहेर गेली. बाईंनी दोनदा गाडी थांबवली, पाणी दिलं आणि तिसऱ्यांदा थांबवली नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बायको कपडे वाळत घालत होती. खाली आली तेव्हा हातात नातवाचा ओला सदरा तसाच होता. तिने गाडी पाहिली, स्टिअरिंगवरच्या बाई पाहिल्या, आणि हिरवट पडलेला नवरा पाहिला.

"ह्या कोण?"

"ह्या पहिल्या," साहेब म्हणाले.

"पहिल्या?"

"म्हणजे गाडीच्या. गाडीच्या पहिल्या मालकीण. मी चौथा."

बायकोने सदरा पिळला. त्यात पाणी उरलं नव्हतं, तरी पिळला. "सकाळी फोन उचलला नाहीत. जीव टांगणीला लागला माझा. समोरच्या बाईंना फोन केला, तर त्या म्हणतात, काका ठीक आहेत, गाडीच्या टपातून डोकं काढून उभे आहेत. मला वाटलं चुकीचा नंबर लागला."

"अगं, ते... स्वयंपाकघरातला बल्ब गेलाय."

"हे सांगायला आलात?"

साहेबांनी एकदा मागे बघितलं. डॉक्टरीणबाई मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या. "नाही," ते म्हणाले. "करमत नाही. घरी चल."

"रोज मजेत आहे म्हणायचात," ती म्हणाली. " मला वाटायचं, माझ्याशिवाय बरं चाललंय यांचं, आपण कशाला मध्ये." मग डोळे पुसायला तिने तोच ओला सदरा वापरला. "एवढं सांगायला एवढी मोठी गाडी आणावी लागली तुम्हाला?"

तासाभरात तिची बॅग भरली. परतताना ती पुढे बसली, कारण दोघींचं बोलणं सुरू झालं होतं. साहेब मागे, बॅग, लोणच्याची बरणी आणि छोट्या फ्रिजच्या मध्ये. घाटातून उतरताना पुढच्या दोघी नवऱ्यांबद्दल बोलत होत्या, आणि मधूनमधून इतक्या हसत होत्या की साहेबांना आपल्याबद्दल नवीन बरंच काही ऐकायला मिळालं.

घर पुन्हा बोलू लागलं. दोन आठवडे साहेब खरोखर मजेत होते. मग एका सकाळी डॉक्टरीणबाई हजर झाल्या आणि बायको म्हणाली, "आम्ही दोघी डोंगरापलीकडे जाऊन येतो. चारच दिवस. तुम्हाला वळणं सोसत नाहीत, नाहीतर नेलं असतं." चावी तिच्या हातात होतीच. साहेब फाटकाशी उभे राहिले, आणि त्यांची गाडी त्यांच्याशिवाय वळणाआड गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"अहो, गाडीची कागदपत्रं कुठे आहेत? इथे पोलिसांनी थांबवलंय."

कागदपत्रं अर्थातच कपाटात, फाईलमध्ये होती. मूळ कागद कचेरीबाहेर जाऊ द्यायचा नाही, ही साहेबांची जन्माची सवय. पण या वेळी त्यांना अपराधी वाटण्याऐवजी एकदम उत्साह वाटला. "तू काळजी करू नकोस. मी येतो घेऊन," असं म्हणत त्यांनी फाईल पिशवीत टाकली, स्वेटर टाकला, उलटीची गोळी आधीच जिभेखाली ठेवली. "तीनची बस आहे. रात्रीच्या आत पोचतो. मग उद्या मीही तुमच्याबरोबर..."

"अहो, तुम्ही कशाला धडपडताय? फोटो काढून पाठवा फक्त."

साहेबांनी गोळी गिळली. फाईल पिशवीतून काढली, खिडकीशी उजेडात कागद धरला, एका हाताने फोटो काढला आणि पाठवला. मग बुटांसकट खुर्चीत बसून राहिले.

पाच मिनिटांनी बायकोचा फोन आला.

"झालं काम, सोडलं आम्हाला. तुमच्या नावावर अंगठा आलाय फोटोत, काही वाचता येत नाही. पण पोलीस म्हणाले चालेल, डॉक्टरीणबाईंचं आडनाव वर पहिल्या मालकाच्या ओळीत स्वच्छ दिसतंय."