सहा स्वेटर आणि ट्रकचे चार टायर

"आपल्या चाळीस वर्षांच्या विश्वासाच्या नात्याला स्मरून आम्हांस अत्यंत खेदाने कळवावे लागते की..." नवऱ्याने मोबाइलवरचं पत्र मोठ्याने वाचायला घेतलं आणि सूनबाईचा हात चहाच्या गाळणीवरच थांबला.

पत्र लोकरीच्या दुकानाचं होतं. हे दुकान पूर्वी पोस्टाने माल पाठवायचं, आता त्यांचा सगळा कारभार ऑनलाइन होता. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कोणीतरी शिरलं होतं आणि गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, क्रेडिट कार्डांचे नंबर असं हाताला लागेल ते घेऊन पसार झालं होतं. दुकानाला याचं फार वाईट वाटत होतं. एका पानाच्या पत्रात ते पाच वेळा दिलगीर होते.

"तरीच!" नवरा म्हणाला. "काल बँकेचा मेसेज आला. आपल्या कार्डावर कोणीतरी ट्रकचे चार टायर घेतलेत."

"आपल्याकडे ट्रक कुठाय?" सासूबाईंनी पेपरातून डोकं वर काढलं.

"तेच तर म्हणतोय ना, आई."

नवरा लिफ्ट तपासनीस होता. इमारतीइमारतींत जाऊन लिफ्ट तपासायची, यादीवर हिरवी, पिवळी किंवा लाल खूण करायची, आणि लाल खूण झाली की लिफ्टला सील ठोकून यायचं, हे त्याचं काम. सीलला हात लावायचा तर पुन्हा तपासनीसच लागतो. त्यामुळे लाल खूण करताना तो जितका झटपट असे, तितकाच ती काढताना चिवट. घरीही त्याच्या खिशाला तीन पेनं असत.

"पुढे ऐका," तो म्हणाला. "सोबत आपल्या खात्यावरच्या सर्व ऑर्डरींची यादी जोडली आहे. ती तपासून आपल्या नसलेल्या ऑर्डरी त्वरित कळवाव्यात. वा! हे काम चांगलं केलं त्यांनी."

सूनबाईने गाळणी खाली ठेवली. कार्डाचा नंबर जगभर हिंडून आला असता तरी तिची हरकत नव्हती. ती यादी मात्र या टेबलापर्यंत यायला नको होती.

त्याचं असं होतं की, या घरात विणकामाला फार मान होता. सासूबाईंनी ऐन तारुण्यात सासऱ्यांसाठी विणलेला तपकिरी स्वेटर अजून कपाटात डांबराच्या गोळ्यांत जपून ठेवलेला होता आणि येईल त्या पाहुण्याला तो दाखवला जाई. लग्न होऊन आलेल्या सूनबाईने मोठ्या हौसेने सुया हातात घेतल्या. सहा महिने खपून तिने जो स्वेटर विणला त्याची एक बाही मनगटापर्यंत आली आणि दुसरी गुडघ्यापर्यंत. ती रडकुंडीला आली. दुसऱ्या वर्षी तिने गुपचूप त्या दुकानातून हाताने विणलेला तयार स्वेटर मागवला आणि "जमला बाई एकदाचा" म्हणून पुढे केला. घरभर कौतुक झालं. खरं सांगायची वेळ तीच होती. ती एकदा टळली की पुढे दरवर्षी एक स्वेटर लागतो. नवऱ्याचा झाला, नणंदेचा झाला, नणंदेच्या नवऱ्याचा झाला. असे सहा वर्षांत सहा. कार्डाच्या बिलावर नुसतं दुकानाचं नाव येई. "लोकर फार महागलीय," असं नवरा म्हणाला की "शुद्ध आहे ना," असं ती म्हणे. दाखवायला म्हणून तिच्या पिशवीत राखाडी लोकरीचा वीतभर तुकडा असायचा. चारचौघांत तो चार बोटं वाढे, आणि माणसं उठून गेली की पुन्हा उसवला जाई.

नशिबाने साथ दिली ती सासूबाईंच्या एका शिस्तीने. घरच्या प्रत्येक स्वेटरला गळ्याच्या आतून तांबड्या कापडाचा छोटा चौकोन शिवायचा, ही घरची खूण, असं त्यांनी तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. दुकानाचं लेबल त्या चौकोनाखाली अगदी मापात झाकलं जाई. सूनबाई मनातल्या मनात त्या शिस्तीचे आभार मानी.

"हे काय?" नवऱ्याचं बोट मोबाइलवर थांबलं. "हाताने विणलेला स्वेटर, पुरुष, मध्यम. हाताने विणलेला स्वेटर, स्त्री, मोठा... एक, दोन... सहा स्वेटर! अगं, तू मागवलेस?"

सासूबाईंनी पेपर खाली ठेवला. सूनबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"मी? स्वेटर?" ती म्हणाली. "मी कशाला मागवीन?"

नवरा एकटा सापडला की सांगू, असा तिचा विचार होता. पण तपासनीस तो तपासनीस. चहा निवायच्या आत त्याने यादी कागदावर उतरवली, सहाही स्वेटरांवर लाल खुणा केल्या आणि बँकेला फोन लावला.

"टायर माझे नाहीत. आणि सहा स्वेटरही माझे नाहीत. हो, सहा! लिहून घ्या."

"चोराला टायर कशाला ते कळलं," फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "पण स्वेटर?"

"ड्रायव्हरला थंडी वाजत असेल," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा पेपरात शिरल्या.

दुपारी बँकेचा फोन आला. टायरांचं काम सोपं होतं. ते अशा गावी पोचले होते की जिथे या घरातलं कोणी कधी गेलेलंच नव्हतं. स्वेटर मात्र याच पत्त्यावर पोचले होते, आणि दर वेळी माल मिळाल्याची सहीसुद्धा होती. बँकेने सह्या पाठवल्या. सूनबाईने त्या मुद्दाम कोणाला वाचता येऊ नयेत अशाच केल्या होत्या.

"ही काय सही आहे?" नवरा मोबाइल उलटासुलटा करत म्हणाला. "लोकर उसवून ठेवल्यासारखी दिसतेय. म्हणजे आपल्या नावावर माल यायचा आणि मधल्यामधे कोणीतरी खोटी सही करून उचलायचा. कोण ते कळलं मला!"

"कोण?" सूनबाईने विचारलं.

"कुरिअरवाला! आणखी कोण?"

कुरिअरवाले काका त्या भागात पंधरा वर्षं सामान पोचवत होते. सासूबाईंची दुपारची झोप त्यांना ठाऊक होती, म्हणून ते बेल न वाजवता बोटाने हलकेच दार वाजवीत. खोक्यावर 'स्वेटर, नग एक' असं ठळक छापलेलं असे. ते मात्र तोंडाने "लोकर आलीय, ताई," एवढंच म्हणत. एका शब्दाने त्यांनी कधी जास्त विचारलं नाही. आणि आता त्यांच्याच नावाने तक्रार गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर वळून दिला सूनबाईने.

दुसऱ्या दिवशी काकांच्या जागी नवाच माणूस आला. "काकांना घरी बसवलंय," तो म्हणाला. "चौकशी होईपर्यंत. निवृत्तीला सात महिने राहिले होते बिचाऱ्यांचे."

सूनबाईचा जीव टांगणीला लागला. तिने ठरवलं की कुरिअर कंपनीला परस्पर ई-मेल लिहायचा. पण कार्ड बंद झाल्यामुळे इंटरनेटचं बिल परत गेलं होतं आणि इंटरनेटही बंद. मग फोन लावला. "आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे," असं पाऊण तास ऐकल्यावर एक बाई आली आणि म्हणाली, "तक्रारदारांनाच बोलायला सांगा." शेवटी तिने स्वयंपाकघरात तक्रारदारालाच गाठलं.

"अहो, ती तक्रार मागे घेतली तर?"

"मागे?" तो दचकलाच. "सहीनिशी लिहून दिलंय मी. आता मागे घेतली तर बँक म्हणेल, हा माणूस खोटं बोलतो. मग टायरही आपल्याच गळ्यात. ट्रकचे चार टायर ठेवणार कुठे तू? पलंगाखाली?"

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. कुठे दार वाजलं की ती दचके, आणि हातातला तो राखाडी तुकडा या दोन दिवसांत खरोखरच हातभर वाढला.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता कुरिअर कंपनीचे साहेब आले. त्यांच्या मागे काका, हातात टोपी घेऊन. नवऱ्याने लाल खुणांची ती यादी आणि तिन्ही पेनं टेबलावर मांडून ठेवली होती. सासूबाई आपल्या खुर्चीत बसल्या. सूनबाई कोपऱ्यात विणत होती. टाके कधीच चुकले होते.

"काका," साहेब म्हणाले, "हे सहा नग तुम्ही कोणाच्या हातात दिले, तेवढं सांगा. विषय संपला."

काकांनी सूनबाईकडे पाहिलं. मग त्यांची नजर तिच्या हातातल्या सुयांवर गेली, तिथून सासूबाईंवर, आणि शेवटी हातातल्या टोपीवर येऊन थांबली.

"आठवत नाही, साहेब. वय झालं."

"सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा."

"मग जबाबदारी तुमच्यावर येते, काका. मला तसंच लिहावं लागेल."

"लिहा," काका म्हणाले.

सूनबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. या माणसाचं आणि तिचं नातं काय, तर वर्षाला एक खोकं. ती उठून उभी राहिली. मांडीवरचा लोकरीचा गुंडा घरंगळत थेट साहेबांच्या बुटापर्यंत गेला.

"थांबा. स्वेटर मी मागवलेत. सह्यापण माझ्याच आहेत."

मग साहेब हळूच हसले.

"ताई, तुमचं मन मोठं आहे. पण दुसऱ्याची नोकरी वाचवायला असं स्वतःवर घेऊ नका."

"अहो, खरंच मी मागवलेत!"

"उगाच काहीतरी बोलू नकोस," नवरा म्हणाला. "साहेब, सगळे स्वेटर ही स्वतः विणते. माझ्या डोळ्यांदेखत विणते. हा अंगातला हिनेच विणलाय."

सहा वर्षं खोटं बोलली तेव्हा कोणी एक प्रश्न विचारला नव्हता, आणि आज खरं बोलली तर पुरावा मागत होते! सूनबाईला रडू यायचं ते राहिलं आणि संताप आला. ती तरातरा नवऱ्याच्या मागे गेली, त्याची कॉलर धरून गळा उलटा केला आणि तांबड्या चौकोनात सुईचं टोक खुपसलं.

"अगं, मान! मान आहे तिथे!"

चौकोन टरकन सुटला. खाली दुकानाचं लेबल होतं, नाव, माप आणि 'कोमट पाण्यात धुवावे' अशा सूचनेसकट. साहेबांनी वाकून ते वाचलं. नवऱ्याला स्वतःच्या मानेमागचं दिसेना, म्हणून त्याने स्वेटर काढून हातात घेतला आणि तीनदा वाचला. काका मात्र खिडकीबाहेर बघत होते.

"सहाही?" नवऱ्याने विचारलं.

"सहाही. त्याआधीचा, लांब बाहीवाला, तेवढा माझा."

नवरा खाली बसला. मग त्याने हिरवं पेन उचललं आणि एकेक लाल खूण खोडून सहा हिरव्या केल्या. लाल खूण पुसण्याची नोकरीतली ही त्याची पहिलीच वेळ असावी.

"काका, माझं चुकलं," तो उठून म्हणाला. "आत्ता लिहून देतो. आणि बँकेलाही सांगतो. खोटा म्हणाले तर म्हणू देत. टायर ठेवू पलंगाखाली."

"उद्यापासून कामावर या," साहेब काकांना म्हणाले. काकांनी टोपी घातली. दारातून बाहेर पडताना ते सूनबाईला म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी सही जरा नीट करा."

नवरा त्यांना पोचवायला खाली जाता जाता कपाटापाशी थांबला. "म्हणजे या घरात खरा स्वेटर एकच," तो जड आवाजात म्हणाला. "बाबांचा." आणि गेला.

आता खोलीत सासू आणि सून दोघीच उरल्या. सूनबाईला वर बघवेना. सासूबाई शांतपणे उठल्या, त्यांनी सुईदोरा आणला, खुर्चीवर पडलेला स्वेटर मांडीवर घेतला आणि सुटलेला चौकोन जागेवर बसवू लागल्या.

"आई, चुकलं माझं. मी तुम्हांला सहा वर्षं..."

"तीनच बाजू शिवतेस तू," सासूबाई टाके घालत म्हणाल्या. "म्हणून सुटला. चारही बाजू शिवायच्या असतात. नशीब, लेबल कापायला गेली नाहीस. कापलं की गळा उसवतो. तुझ्या सासऱ्यांचा पहिला स्वेटर तसाच वाया गेला. त्यानंतर मी चौकोन काढला शोधून."

सूनबाईने वर पाहिलं. सासूबाईंनी दोरा दाताने तोडला आणि एकदा दाराकडे नजर टाकली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"ती दुकानाची यादी," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मागे किती वर्षांपर्यंत जाते गं?"

"सहाच वर्षं, आई. ऑनलाइन झाल्यापासूनची."

सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी पोस्टानं मागवायचो."