सेलूकरांची चौकोनी माहिती

दिवाळीनंतरच्या सोमवारी पाटीलबाईंनी कार्यालयात शंकरपाळ्यांचा डबा आणला होता. झाकण उघडलं, सगळ्यांचे हात पुढे झाले आणि तेवढ्यात सेलूकर म्हणाले, "ऑस्ट्रेलियात वोम्बॅट नावाचं एक जनावर हाय. त्याच्या लेंड्या चौकोनी असतात. अगदी अशाच."

पुढे गेलेले हात मागे आले. सेलूकरांनी एकट्यानं चार शंकरपाळे खाल्ले आणि वर आम्हालाच म्हणाले, "खा की! मी आकार सांगितला, चव न्हाई सांगितली." बाकीचा डबा भरलेलाच घरी गेला. पाटीलबाईंनी नंतर ऑफिसात काही म्हणून आणलं नाही.

हे सेलूकर परभणीला आमच्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसतात. पूर्ण्याहून बदलून आले तेव्हा आम्हाला वाटलं, एक माणूस आला. आलं ते अख्खं प्राणिसंग्रहालय. अर्ज घेऊन आलेल्याला पोच मिळण्याआधी माहिती मिळते. "माहीत हाय का तुमाला?" अशी सुरुवात आणि "निसर्ग हाय बाबा, मजाक न्हाई!" असा शेवट. या दोन वाक्यांच्या मध्ये जो सापडला तो गेला.

येलदरीकडचे एक निवृत्त गुरुजी पेन्शनच्या कामासाठी चकरा मारून थकले होते. त्यांना सेलूकरांनी सांगितलं, "शुक्रावर एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, गुरुजी." गुरुजी शांतपणे म्हणाले, "मग माझी फाइल तिथंच गेली असंल."

आम्ही पोट धरून हसलो. सेलूकरही हसले, पण टोमणा त्यांना लागला असेल असं मला वाटत नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असा तो माणूस. त्याला जगातल्या यच्चयावत जीवांची खबर. फक्त समोरच्या माणसाला कंटाळा आलाय हे त्याला कळत नाही, असं माझं मत होतं आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

बरं, ज्ञान म्हणावं तर तेही उथळ. एकदा मी मुद्दाम खोडी काढली, "त्या वोम्बॅटच्या लेंड्या चौकोनी का असतात, हे सांगा की."

"का ते लिहिलेलं न्हवतं," असं म्हणून त्यांनी समोरच्या अर्जावर शिक्का मारला.

पोखर्णी गावातल्या एका लग्नात तर कहर झाला. आमच्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न. फोटोसाठी आम्ही स्टेजवर चढलो. सेलूकरांनी नवरदेवाच्या हातात आहेराचं पाकीट दिलं, त्याच्या कानाशी वाकले आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काही जातींत कोळ्याची मादी नराला खाऊन टाकते. लगेच." तेवढ्यात फोटोग्राफरनं बटण दाबलं. नवरदेवाचा तो चेहरा आजही त्या अल्बममध्ये पाहायला मिळतो. दुसऱ्या दिवसापासून सेलूकर टेबलाजवळ आले की आम्ही मोबाइल कानाला लावून "हां, हां, बोला" म्हणायला लागलो. पलीकडे कुणी नसायचं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या बायकोचं गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, दीड तास. सकाळी दहाला तिला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. मुलगी पुण्याहून निघाली होती, ती संध्याकाळी पोचणार. मी बाहेर बाकावर एकटाच. साडेअकरा झाले, बारा झाले. एक नर्स पळत बाहेर आली आणि रक्ताची पिशवी घेऊन तशीच आत गेली. विचारलं तर "थांबा काका" एवढंच बोलली.

आणि जिन्यातून सेलूकर वर आले, हातात डबा घेऊन. मी कानाला लावायला खिशातला मोबाइल शोधायला लागलो.

ते शेजारी बसले. दोन मिनिटं बरी गेली. मग म्हणाले, "माहीत हाय का राजाभाऊ, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

मी ताडकन उठलो. "सेलूकर, काळवेळ कळती का न्हाई तुमाला? माझी बायको आत जगायलीय का मरायलीय मला ठाऊक न्हाई, आन तुमी ऑक्टोपस सांगायलाव? माणूस हाव का जनावर?"

व्हरांड्यातले सगळे आमच्याकडे बघायला लागले. सेलूकर उठले नाहीत. खाली फरशीकडे बघत म्हणाले, "सुमनला बी असंच आत नेलं होतं. आमची मंडळी. नांदेडला. मी सहा तास बाहेर बसलो, संगं कुणीच न्हवतं. समोर भिंतीवर सांगाड्याचा तक्ता होता. त्याच्यावर लिहिलं होतं, बाळ जन्मतं तवा त्याला तीनशेच्या आसपास हाडं असतात, मोठेपणी दोनशे सहा. मग बाकीची कुठं जातात? ह्याच्यावर मी लय वेळ काढला, राजाभाऊ. तेवढा वेळ दुसरा इचार आला न्हाई."

"मग?"

"मग डॉक्टर बाहेर आले."

मी खाली बसलो. पुढचं विचारायची गरज नव्हती.

"घर लय गप झालं," ते म्हणाले. "लोक कावतात, मला काय दिसत न्हाई का? पर माणूस एकटा बसलेला दिसला की माझ्यानं गप राहवत न्हाई."

दारावरचा लाल दिवा अजून तसाच होता. माझ्याच तोंडून निघालं, "मग कुठं जातात ती हाडं?"

"जात न्हाईत कुठंच. एकमेकाला जुळून एक होतात. आता डोक्याचंच घ्या..."

ते बोलत राहिले. काय काय सांगितलं ते आज मला धड आठवतही नाही. एवढं आठवतं, की घड्याळाकडे पाहिलं तेव्हा दीड वाजला होता. थोड्या वेळानं डॉक्टर आले आणि म्हणाले, "रक्तस्राव जरा जास्त झाला होता. आता काळजी नाही."

मी आत गेलो. ती गुंगीत होती. कपाळावर हात ठेवला तर "जेवलात का?" असं काहीसं पुटपुटली. माझे डोळे भरून आले.

बाहेर आलो तर बाकावर नुसताच डबा. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पटका बांधलेला एक म्हातारा गुडघे पोटाशी घेऊन एकटाच बसला होता. त्याची म्हातारी आत्ताच आत गेली होती. सेलूकर त्याच्याजवळ बसले होते.

"म्हंजे, पोरं बापाच्या पोटातून?" म्हातारा विचारत होता.

"बापाच्याच. समुद्रघोडा म्हणतात त्याला."

"आन आई?"

"आई अंडी देती बापाच्या पिशवीत, आन मोकळी."

म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच त्या दारावरची नजर काढली आणि सेलूकरांच्या तोंडाकडे बघितलं.