सात शून्यांच्या वाती

"साखर किती शून्यांची घेतेस?"

धुंडिराजकाकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. बँकेनं अमरावतीहून काशीला बदली केली, ब्रह्मा घाटाजवळ त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं मिळाला, आणि सामान टाकून खाली चहाला आले तर समोर हे. दुसरं घर शोधावं लागणार, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"चार शून्यं घाल गं तिला," काका स्वयंपाकघराकडे ओरडले. "एका चमच्यात दहाएक हजार दाणे मावतात, बेटा. थोडे इकडेतिकडे."

"एक चमचा म्हण की सरळ!" आतून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, माईंचा आवाज आला. "पोर आत्ता आली आहे, धुंड्या. तिला परेशान करू नकोस."

काका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही. माई तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतल्या, तेव्हापासून घरात ही दोघंच. घराणं पुण्याकडचं, पण कित्येक पिढ्या काशीत गेल्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळली आहे की वेगळी काढता येत नाही. काकांना वय विचारलं तर "दोन अब्ज सेकंदांच्या वर" असं उत्तर येतं. कुणी कसलाही आकडा सांगायला लागलं की ते हात वर करतात, "आकडा सोड, शून्यं बता!" त्यांचं म्हणणं, पहिल्या आकड्यावरून माणसं भांडतात, पण फसतात ती शून्यांमध्ये.

एकदा घाटावर नावाडी यात्रेकरूंना सांगत होता, "गंगाजी में अनगिनत पानी है." काका तिथेच पायरीवर बसले होते. झालं!

"अनगिनत काही नसतं. तुम लोग गिनते नहीं, बस!" मग पात्राची रुंदी, खोली आणि वाहत्या झेंडूच्या फुलाची गती, तिन्हींची शून्यं बोटांवर मिळवून त्यांनी जाहीर केलं, "दर सेकंदाला अख्ख्या काशीतल्या माणसांना एकेक तांब्या मिळेल, इतकं पाणी समोरून चाललंय." लातूरकडच्या एक आजी आपला प्लास्टिकचा कॅन भरत होत्या. त्यांनी हिशेब ऐकला आणि पिशवीतून निवांतपणे दुसरा कॅन काढला.

आता काका कधी चुकत नाहीत असं मुळीच नाही. त्यांच्या घरच्या सत्यनारायणाला त्यांनी तीस माणसांचा अंदाज केला आणि ऐंशी आली. माईंनी तीनदा भात लावला. मी सांबार वाढून घामाघूम झाले, आणि काका सगळ्यांना ऐकवत फिरत होते, "दहाच्या वर, शंभराच्या आत. शून्य बरोबर आलं की नाही?" माईंनी त्या दिवशी त्यांना सगळ्यात शेवटी आणि खरवडीचा भात वाढला.

असा हा माणूस. त्यामुळे त्यांनी एक आकडा लपवून ठेवला असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मी येण्याच्या तीन वर्षं आधी काकांना श्वासाचा मोठा त्रास झाला होता. दवाखान्यात ठेवलं, डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा माईंनी नवस बोलला, हा घरी आला तर देवाला एक कोटी वाती. आपल्याकडे बायका लाख वाती करतात, कोटी कुणी बोलत नाही. काका घरी आले, आणि माई कापूस घेऊन बसल्या. सकाळची पूजा झाली की ओसरीवर बैठक. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, सुजलेल्या बोटांनी, दिवसाला हजारभर वाती.

"माईला वाटलं, कोटी म्हणजे लाखाच्या जरा पुढचं," काका एकदा गच्चीवर मला हळूच म्हणाले. "सात शून्यं, बेटा. ती रोज तीन शून्यं वळते. राहिली चार. म्हणजे दहा हजार दिवस. सत्तावीस वर्षं! आत्ता कुठे दहावा हिस्सा झालाय."

"मग सांगा ना त्यांना."

"काय सांगू? तुझा नवस पुरा होणार नाही, तू देवाच्या कर्जात जाशील, आणि ते पण माझ्यापायी?" एवढं बोलून ते नदीकडे तोंड करून उभे राहिले. मला फार वाईट वाटलं. जगाला शून्यं मोजायला लावणारा माणूस तीन वर्षं बहिणीसमोर "होतंय, होतंय" म्हणत बसला होता.

पण काका गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी आधी शेजारच्या गुरुजींना गाठलं. गुरुजींनी बराच विचार करून सांगितलं, संकल्प एकाचा असला तरी हात पुष्कळांचे चालतात. झालं! काका घरी आले ते जवळजवळ नाचतच.

"दोन, दोन आणि तीन! मेघना, किती झाले?"

"सात."

"शंभर जत्थे, जत्थ्यामागे शंभर बायका, बाईमागे हजार वाती! गुणाकार करायचाच नाही, शून्यं नुसती जोडायची. आणि हजार वाती म्हणजे काय? तास-दीड तासाचं काम. दोन-तीन टीव्ही मालिका सोडल्या की झालं."

गुरुजींकडे महाराष्ट्रातून यात्रेकरूंच्या बसगाड्या येतात, त्यात भजनी मंडळं असतात. काका प्रत्येक बसला गाठू लागले. श्राद्ध आटोपून, डोळे पुसत येणाऱ्या बायकांना हा किडकिडीत म्हातारा आडवा जायचा आणि म्हणायचा, "ताई, गावी तुमच्या मंडळात किती शून्यं बायका आहेत?" पहिल्या दोन बसगाड्यांनी त्यांना वेडा ठरवलं. तिसऱ्या वेळी मी सोबत गेले, माणसांच्या भाषेत समजावलं आणि कापूस पुढे केला. मग बायका कापसाला हातसुद्धा न लावता म्हणाल्या, "कापूस ठेवा तुमचा, आमच्या घरी आहे. पत्ता द्या."

दिवाळीनंतर पार्सलं यायला लागली. सांगली, नांदेड, जळगाव, आणि माझ्या अमरावतीहून चक्क गोण्या! पोस्टमन गल्लीच्या तोंडापासून हाका मारत यायचा. ओसरी भरली, जिना भरला, माझ्या खोलीत पलंगाखाली नांदेड आणि कपाटावर जळगाव अशी व्यवस्था झाली. माई आधी थक्क झाल्या आणि मग अडून बसल्या.

"मोजल्या कुणी? देवाला अंदाज चालत नाही."

"तू शंभर मोज," काका म्हणाले. माईंनी मोजल्या. सोनाराच्या तराजूवर त्यांचं वजन केलं, आणि त्या मापानं एकेक गोणी तोलली. मधूनच माई शंभराच्या वजनाची एखादी मूठ उचलून मोजून पाहायच्या. कुठे चार कमी, कुठे सहा जास्त.

"कुणी आळसानं जाड वळल्या असतील, कुणी भक्तीनं बारीक," काका म्हणाले. "चुका एकमेकींना खाऊन टाकतात, माई. मोठ्या ढिगाची हीच मजा!"

पुढच्या कार्तिकात हिशेब कोटीच्या वर गेला. त्रिपुरी पौर्णिमेला हजार-हजार वातींच्या जुड्या मोठ्या पणत्यांत ठेवून दहा हजार दिवे आजूबाजूच्या घाटांवर मांडले. सारी गल्ली राबली. सूर्य मावळला आणि पायऱ्यांवरून खालपर्यंत, पार पाण्याच्या काठापर्यंत उजेड उतरला. नावाड्यांनी नावा थांबवल्या. काका पायरीवर उभे राहून दोन्ही हात वर करून ओरडले, "सात! पूरे सात!" लोकांना काही कळलं नाही, तरी त्यांनी "हर हर महादेव" करून टाकलं. माझे डोळे भरून आले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

माई मात्र शांत होत्या. काका त्यांच्याजवळ येऊन बसले. "फिटला की नाही नवस? सत्तावीस वर्षांचं काम! तुला मालूम पण नव्हतं, मी सांगितलं नाही कधी."

माईंनी पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

"मालूम कसं नव्हतं रे? लाख वाती वळल्या आहेत मी आईबरोबर. शंभर लाखांना किती वर्षं लागतात, ते मला कळत नाही?"

"मग?"

"तू दवाखान्यात पडला होतास. मनात आलं, हा वाचला आणि मी गेले, तर याला गरम भात कोण वाढणार? म्हणून देवाला सांगितलं, कोटी वाती करते, पण त्या पुऱ्या होईपर्यंत दोघांनाही हलवू नकोस." मग त्या जरा हसल्या. "उरलेलं तू वर्षभरात उरकून टाकलंस."

काकांनी दिव्यांकडे पाहिलं आणि माईंचा हात धरला.

"उद्या नवा संकल्प कर," ते म्हणाले. "अब्ज बोल. आणि या वेळी कुणाची मदत घ्यायची नाही. तू एकटी वळ, अगदी सावकाश."