वाघांच्या घरी पोहे

जनता सरकार आलं त्या सालची गोष्ट. आमच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सेवाग्रामच्या दवाखान्यात झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली, डॉक्टरांनी जाड भिंगाचा चष्मा चढवला आणि विचारलं, "काय आजी, दिसून राह्यलं का?"

आईनं आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुंडलिका, तुह्ये केस कवा गेले रे?"

डॉक्टर हसले. हसता हसता त्यांनी विचारलं, "आता चांगलं दिसतंय तर काय पाहणार आजी? काशी? रामेश्वर?"

"वाघ," आई म्हणाली.

सगळा वॉर्ड वळून पाहू लागला. मग आईनं उलगडून सांगितलं. आमचं शेत जंगलाला लागून. पिकात डुकरं शिरू नयेत म्हणून ती आणि माझे वडील जन्मभर मचाणावर जागलीला बसले. वाघाचा आवाज तिनं ऐकला, सकाळी ओल्या मातीत पंजे पाहिले, वासराच्या मानेवरचे दातांचे व्रण पाहिले. पण अंधारात वाघ काही दिसला नाही. वडील म्हणायचे, मला दिसला. तिला वाटायचं, हे खोटं बोलतात. वडील वारले आणि हा वाद तसाच राहिला.

मी चारचौघांत एकदम मोठा होऊन म्हणालो, "त्यात काय मोठं? नागपूरले नेतो. दाखवतो तुले वाघ."

बस. एवढंच मी बोललो. आम्ही कारंज्याला (घाडग्यांच्या कारंज्याला, हे ध्यानात ठेवा) परत आलो तर बातमी आमच्या आधी पोचली होती. सोसायटीत मी कारकून. सोसायटीत येणारा प्रत्येक शेतकरी खताआधी वाघाची चौकशी करायचा. हायवेवरच्या ढाब्यावर चहा प्यायला गेलो तर पंजाबी ट्रकवालासुद्धा म्हणाला, "सुना है बाबूजी, माताजी को शेर दिखा रहे हो?" माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण लावणं मी सोडून दिलं.

आमच्या समोर ताराचंद शेठचं कापडाचं दुकान. माल आणायला त्याची नागपूरला कायम ये-जा. त्यानं मला हाक मारून म्हटलं, "पुंडलिकराव, मी येऊ का संगं? नाई तं एवढं करजा, रिक्षावाल्याले फक्त 'महाराजबाग' म्हणजा. बस. थो बरोबर वाघाच्या पिंजऱ्यापाशी नेते."

"शेठजी," मी म्हणालो, "नागपूर मले शिकवता का? मॅट्रिकची परीक्षा मी नागपुरात देल्ली."

(दिली होती. परीक्षेच्या हॉलपासून धर्मशाळेपर्यंतचा रस्ता मला पाठ होता. बाकीचं नागपूर मी पाहिलं नव्हतं.)

त्याच क्षणी मी मनात ठरवलं, काही झालं तरी 'महाराजबाग' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ताराचंदनं शिकवलेला शब्द वापरून आईला वाघ दाखवला, तर तो वाघ ताराचंदनं दाखवल्यासारखा होईल.

रविवारी पहिल्या एस.टी.नं आम्ही निघालो. आई, बायको मंदा, पोरगी नलू आणि मी. आई लग्नातली नऊवारी नेसली होती. मंदाही ठेवणीतलं लुगडं नेसली होती. मी कोट घातला होता. "वाघ काय कोट पाहाले बसला हाये का?" मंदानं विचारलं. मी तिच्याकडे दयेनं पाहिलं. शहरात कसं जावं हे बायकांना काय कळणार?

नागपूरच्या स्टँडवर उतरल्याबरोबर रिक्षावाल्यांनी घेरलं. मी कोटाची कॉलर ताठ केली आणि माझी खास नागपुरी हिंदी काढली.

"वाघ के यहाँ चलेगा?"

रिक्षावाल्यानं माझा कोट पाहिला. "वाघ के यहाँ? बंगले पे?"

मी थोडा विचार केला. नागपुरात पेंढा भरलेल्या जनावरांचा अजबबंगला आहे, हे मला ठाऊक होतं. सरकारनं मुडद्या जनावरांसाठी बंगला बांधला, तर जित्या वाघासाठी बांधला नसेल का?

"हां, बंगले पे. जहाँ रहता है वहाँ!"

"बैठिए साब. इतवार है, घर पे ही मिलेंगे."

"पाह्य," मी मंदाच्या कानात म्हणालो, "नागपूरची भाषा किती अदबीची. वाघालेही 'मिलेंगे' म्हणते."

दोन सायकलरिक्षा एका झाडीतल्या टुमदार बंगल्यापुढे थांबल्या. फाटकावर पितळेच्या अक्षरांत एकच शब्द होता: 'वाघ'. त्याच्या खाली छोटी पाटी: 'कुत्र्यापासून सावध'.

मी आईला दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवलं.

"वाघाले राखाले कुत्रा?" आई म्हणाली. "मंग कायचा वाघ थो?"

तेवढ्यात दार उघडलं आणि पांढऱ्या धोतरातले एक गोरेपान गृहस्थ लगबगीनं बाहेर आले. हात जोडून म्हणाले, "या, या! वाटच पाहत होतो. कारंज्याहून ना?"

मी थक्क झालो. आमची बातमी नागपूरपर्यंत? ढाब्यावरच्या ट्रकवाल्यांचं काम, दुसरं काय! मी मोठ्या अभिमानानं म्हणालो, "हो, कारंज्याहूनच."

"मग उन्हातानात उभे का? आत बसा."

दिवाणखान्यात गालिचा होता. भिंतीवर काळ्या कोटातल्या माणसांचे फोटो. मी अंदाज बांधला, की हे वाघांवरचे साहेब असावेत आणि हे त्यांचं ऑफिस. आम्ही ओळीनं बसलो. लगेच पाणी आलं. पाठोपाठ पोहे आले, वर ओलं खोबरं.

"शहराची रीतच न्यारी," मी मंदाला हळूच म्हणालो. "आधी नाश्ता, मंग जनावर."

मंदानं एकदा फोटोंकडे पाहिलं, एकदा पोह्यांकडे पाहिलं आणि बशी खाली ठेवली. (बायकांचा स्वभाव मुळातच संशयी.)

साहेब पुढे सरकून म्हणाले, "थोरलीला गेल्या वर्षी अकोल्याला दिली. आता घरात ही एकच."

"अकोल्यालेही हाये म्हणा!" मी मान डोलावली. "अदलाबदली चालतच असल."

"अं?" साहेब म्हणाले. मग स्वतःच पुढे बोलले, "ही स्वभावानं फार शांत. तयार होऊन राहिली. येईलच आता बाहेर."

आईचा घास हातातच राहिला. "बाहेर? इथं? आमच्यात?"

"आता इथं नाही तर कुठं? घरच्यासारखंच समजा."

"बांधून आनसान नं पण?"

साहेबांना हे ग्रामीण विनोदाचं काहीतरी आहे असं वाटलं असावं. ते हसले. नलू मंदाच्या मांडीवर चढून बसली.

मी परिस्थिती सावरली. आपण घाबरलो नाही हे दाखवायला जाणकारासारखं विचारलं, "खाण्यापिण्याचं कसं काय हो?"

"काही तक्रार नाही. जे पानात पडेल ते."

"मटन रोजच असल?"

साहेबांनी कानाला हात लावला. "छे छे! आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही. लहानपणापासून वरण-भातावर वाढलेली."

आई माझ्याकडे वळून सर्वांना ऐकू जाईल अशी कुजबुजली, "पुंडलिका, हा वाघ हाये का गाय हाये?"

ते साहेबांनी ऐकलं. चेहरा किंचित ओढला गेला. तरी मुलीच्या बापाला (हे आता कळतंय) गिळावं लागतं. त्यांनी विषय बदलला, "बरं, ते राहू द्या. मुलगा दिसत नाही बरोबर?"

"दिसत नाई काऊन?" आईनं माझ्या पाठीवर थाप मारली. "हा काय माहा पोरगा!"

साहेबांनी मला पाहिलं. डोक्यापासून पाहिलं. डोक्यावर त्यांची नजर जरा जास्तच वेळ थांबली. "हे?" ते कसेबसे म्हणाले. "आणि मग... ह्या बाई?"

"थे माही सून. थे नाई म्हणत होती, मीच म्हटलं, चाल, तूबी पाह्य. घरातल्या सगळ्यायनं मिळून पाह्यलेलं बरं."

साहेब ताडकन उठले. त्यांचा आवाज एकदम कोर्टातला झाला. "बाई! घरात एक सून असताना दुसरी पाहायला आलात? आणि तिलाच घेऊन? मी वकील आहे! हिंदू विवाह कायद्यानं तुमच्या मुलाला आत टाकीन!"

"आत?" मी किंचाळलो. "वाघाच्या?"

त्याच वेळी पडदा सरला आणि चहाचा ट्रे घेऊन एक मुलगी दारात उभी राहिली. तिनं आतून सगळं ऐकलं असावं, कारण ट्रेमधले कप खणखणत होते. हसू दाबून दाबून ती लालबुंद झाली होती. आणि नलूनं विचारलं, "आई, वाघाले शेपूट काऊन नाई?"

ट्रे कसाबसा टेबलावर टेकवून ती मुलगी खाली बसून खो खो हसली. मंदानं पदर डोळ्याला लावला. रडायला नव्हे, तीसुद्धा हसत होती. मी उभा राहून सगळा खुलासा केला. वकीलसाहेबांचा राग चढला तसाच उतरला, आणि उतरता उतरता हसण्यावर आला. त्यांचं आडनाव वाघ. त्यांना त्या दिवशी कारंज्याहूनच मंडळी यायची होती, पण लाडांच्या कारंज्याहून. मुलगी पाहायला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण आमची आई! ती शांतपणे उठली, मुलीजवळ गेली, हनुवटी वर केली आणि त्या जाड भिंगातून तिला नीट पाहिलं.

"आलोच हावोत तं पाहूनच घेतो," ती म्हणाली. "बाई, लय गुणाची पोट्टी हायेस. अशी मोकळी हासणारी पोट्टी ज्या घरी जाईन, त्या घरी दिव्याचं काम नाई."

आम्ही फाटकाशी आलो तर लाडांच्या कारंज्याची मंडळी उतरतच होती. मी कोटात तोंड खुपसून निघणार, तर आई त्यांच्यापुढे उभी राहिली. "आम्ही आत्ताच पाहून आलो. पोरगी सोनं हाये. नाई म्हणसान तं पस्तावसान."

वकीलसाहेबांनी मागून आईला हात जोडले आणि रिक्षावाल्याला ओरडून सांगितलं, "इनको महाराजबाग ले जाओ!" (शेवटी तो शब्द आलाच. पण माझ्या तोंडून नाही.)

महाराजबागेत रविवारची गर्दी. पिंजऱ्यापुढे पोचलो तर वाघ भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेला. दिसत होती ती फक्त पाठ. पोरं ओरडत होती, माणसं शिट्ट्या मारत होती, वाघ ढिम्म. मी टाळ्या वाजवून पाहिल्या, कोट काढून हलवून पाहिला. मी रडकुंडीला आलो. कारंज्याला जाऊन काय सांगायचं? आईनं काय पाहिलं, तर एक पाठ?

"सरक," आई म्हणाली.

तिनं कठड्याला हात लावला. चष्मा नाकावर नीट बसवला. मग पदर खोचून, मान मागे टाकून तिनं जागलीची आरोळी दिली. "हाऽऽऽड! हुर्र्ऽऽ हाऽऽऽड!" सगळी बाग गप्प झाली. माकडंसुद्धा.

वाघाचा एक कान हलला. मग तो उठला, वळला आणि सरळ गजांपाशी आला. आईच्या समोर उभा राहून तो एकदाच गुरगुरला. गर्दी मागे पळाली. मी मंदाच्या मागे कसा गेलो हे मला आठवत नाही. आई जागची हलली नाही. दोघं एकमेकांना पाहत होते.

"असा हायेस का तू?" आई हळूच म्हणाली. "तुह्या भेवानं किती राती मी ह्यायचा हात धरून बसलो रे." मग म्हणाली, "थे खरं बोलत होते. डोळे असेच सांगितले होते त्यायनं. पिवळे."

जाड भिंगांखालून पाणी ओघळत होतं. तिनं ते पुसलं नाही, कारण पुसायचं तर चष्मा काढावा लागला असता, आणि मग वाघ दिसला नसता. सगळी गर्दी गजांतल्या वाघाला सोडून माझ्या आईकडे पाहत होती. मंदाच्या पाठीमागूनच मी सर्वांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माही माय हाये थे!" आयुष्यात मला एवढा अभिमान कधी वाटला नाही, मॅट्रिक झालो तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर अर्धं कारंजा जमलं. ताराचंद शेठ दुकान उघडं टाकून आला होता. मी लोडाला टेकून, पाय पसरून, सत्कारमूर्तीसारखा बसलो होतो.

"मग मनकर्णाबाई," ताराचंदनं आईला विचारलं, "कसा होता वाघ?"

आईनं चष्मा पुसला, घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कसा म्हंजे? अगदी आपल्या पुंडलिकासारखा. दिसाले मोठा, दिवसभर लोळून राह्यते, आन् बाईमाणसानं आवाज देल्ला का मुकाट उठून येते."

लोक हसत सुटले. मी याला सडेतोड उत्तर देणार होतो. शब्दसुद्धा जुळवले होते. पण तेवढ्यात आतून मंदाची हाक आली, "अवो, पाणी भराचं हाये!"

मी उठलो.