हरिभाऊंचे निराधार पक्षकार

हरिभाऊ वकिलांनी केस हातात घेतली की पक्षकाराचा बाप मेलाच म्हणून समजा. वणीच्या कोर्टात मी त्यांची ज्युनियर. अशा कितीतरी बापांचं सुतक मी काळ्या कोटात उभ्याउभ्या पाळलं आहे. एकदा तर मारलेला बाप मागच्या बाकावरून ओरडला, "मी जित्ता हाव ना!" हरिभाऊ वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "चुलता आहे, साहेब. पोराला बापासारखाच."

कोर्टात शिरण्याआधी ते पक्षकाराचं घड्याळ, अंगठी उतरवून माझ्या पर्समध्ये टाकायला लावतात. वर मलाच शिकवतात, "जजले रडू आलं पाह्यजे. खरं काय, कोनीबी सांगते." मला हे कधीच पटलं नाही. माणूस तिथे न्याय मागायला येतो, भीक मागायला नाही!

शीलाबाईंच्या वेळी तर माझं डोकंच फिरलं. बाईंचं शिवणकामाचं दुकान. भाडेकरार संपायच्या आतच जागेचा मालक कुलूप लावायला निघाला होता. मनाई हुकूम मिळाला नसता तर मशिनी रस्त्यावर आल्या असत्या. बाई कडक इस्त्रीची साडी नेसून आल्या आणि हरिभाऊ हादरले.

"बाई, जुनं लुगडं नाही का घरी?"

"काहून? म्या चोरी केली का?"

तरी कोर्टात यांनी त्यांना अबला केलं, अडाणी केलं, नवऱ्याने टाकलेली केलं! शेवटी शीलाबाई उठल्याच.

"साहेब, हे कोनाचं सांगून राह्यले? मी शिकेल हाव. नवरा बाहेर गाडीपाशी उभा हाय. मले दया नको. करार हाय तवरक दुकान माहं हाय, तेवढं पाहा."

जजसाहेबांनी करार पाहिला आणि मनाई हुकूम दिला.

बाहेर येताच मी हरिभाऊंना गाठलं. "सर, असं कसं बोलवतं हो तुम्हाला? चांगल्या ताठ बाईला सगळ्यांसमोर बिचारी केलीत!"

आता ओरडतील असं वाटलं. पण ते पायरीवरच बसले.

"माही मायबी अशीच ताठ उभी होती. भावकीनं घर लाटलं, तवा. सारं खरं सांगतलं तिनं. जजनं मान वर करून पाह्यलंबी नाही."

माझा राग गेला नाही. फक्त तो कोणावर काढावा, ते कळेना.

समोरून शीलाबाई नवऱ्याच्या गाडीवर बसून निघाल्या. दिसेनाशा होईपर्यंत हरिभाऊ बघत राहिले.

"आयकलं बाप्पा आज," ते म्हणाले, "बाईचं आयकलं."